स्वस्थ पडून राहणारा पैसा

१९६८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या प्रारंभी मुंबईच्या बॅलार्ड पियरवर 'चुसान' नावाची एक इंग्रज आगबोट उभी होती आणि धुळीने माखलेल्या ७२ मोटारी तिच्यावर चढविण्याचे काम चालले होते. या मोटारी २४ नोव्हेंबर रोजी लंडनहून निघाल्या, तेव्हा त्यांची संख्या ९८ होती. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली अशा मजला मारीत, आपल्या २६ सोबतिणींना वाटेत सोडून, त्या साधारण आठवडाभरात आपल्या बंदराला येऊन लागल्या होत्या. येथून फ्रीमँटलपर्यंत समुद्र आणि तेथून सिडनीपर्यंत पुन्हा रस्ता, असा त्या लंडन–सिडनी शर्यतीचा क्रम होता. परंतु शर्यतीचा निकाल हा आपला विषय नव्हे. लंडनची मोटार ज्या रस्त्याने मुंबईस येऊ शकते, त्याच रस्त्याने गिरगावची, दादरची किंवा लालबागची मोटार लंडनला का जात नव्हती, हा प्रश्न त्या धक्क्यावर उभ्या असलेल्या एखाद्या मराठी कारकुनाच्या मनात आला असल्यास तो मला अगदी स्वाभाविक वाटतो आणि या प्रकरणात त्याचेच उत्तर शोधावयाचे आहे.

रस्ता नव्हता असे म्हणता येत नाही, कारण रस्ता होताच. पैसा नव्हता, हे उत्तर निम्मेच खरे आहे. गिरगावातील कचेरीचा कारकून, दादरचा शाळामास्तर आणि परळचा साचेवाला हे तिघेही आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसा साठवीत होते आणि त्या साठवणीच्या ज्या रीती त्यांनी सिद्ध केल्या होत्या, त्या कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने अभ्यासाव्यात इतक्या चतुर होत्या. मात्र मोटार घेऊन परदेशी जाण्यास जो पैसा लागतो, त्याच्या तीन निरनिराळ्या प्रकृती असतात. एक पैसा हातातून जातो आणि त्याच्या जागी वस्तू येते. दुसरा रोज थोडा थोडा पाझरत राहतो. आणि तिसरा खर्च न होता, कोणाच्याही हाती न जाता, केवळ स्वस्थ पडून राहतो. पहिल्या दोहोंची मुंबईच्या चाळीला उत्तम ओळख आहे. तिसऱ्याचीही आहे, पण त्याला ती निराळ्या नावाने ओळखते.

पहिला पैसा म्हणजे गाडीची किंमत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट बाहेर पडे, तीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विख्यात झाली. आणि त्या काळात मोटार विकत घेणे म्हणजे आधी पैसे साठविणे, मग अनामत भरून नाव नोंदविणे आणि त्यानंतर वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहणे असा तिहेरी संयम होता. चाळीतील माणसाला ही गाडी परिचित होती ती बहुधा काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने. बाळंतिणीला रुग्णालयात पोचविण्यासाठी, लग्नाचे वऱ्हाड कार्यालयात नेण्यासाठी किंवा गावाहून आलेल्या आजोबांना दादर स्टेशनावरून घरी आणण्यासाठी त्याने तिच्या मागच्या आसनावर बसून मीटरच्या आकड्याकडे सचिंत नजरेने पाहिलेले असे. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर. टी. ओ.त नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ साली ती रस्त्यावरून गेली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, पुढे हप्त्यांचा कर्जव्यवहार सार्वत्रिक झाला आणि गाडीची किंमत हा प्रश्न हळूहळू 'महिन्याला किती कापले जातील' एवढ्यावर येऊन ठेपला. पण हप्त्याने घेतलेल्या गाडीवर बँकेचा बोजा असतो, बोजा असलेली गाडी देशाबाहेर न्यावयाची तर बँकेचा ना-हरकत दाखला लागतो, आणि हा दाखला देताना बँकेचा अधिकारी अर्जदाराकडे ज्या मुद्रेने पाहतो तिचे वर्णन करण्याचा मोह मी टाळतो. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने गाडी रोखीने घ्यावी, जुनी का होईना पण स्वतःची घ्यावी, असे जे अनुभवी लोक सांगतात, त्यामागे हे कारण आहे. दुसरे याहून मोठे कारण पुढे येईल.

रोखीने घ्यावयाची म्हणजे साठवणे आले, आणि येथे चाळीच्या भिशीकडे वळणे प्राप्त आहे. वीस जणांनी दरमहा पाच-पाच हजार रुपये एकत्र करावेत, जमलेला एक लाख चिठ्ठी टाकून एकाला द्यावा आणि वीस महिन्यांत प्रत्येकाची पाळी पुरी व्हावी, ही भिशीची साधी तऱ्हा. या व्यवहाराला कागद नसतो. वही बहुधा मजल्यावरच्या एखाद्या काकूंच्या ताब्यात असते आणि त्या काकूंचा शब्द हाच करारनामा असतो. दुसरी तऱ्हा बोलीची. ज्याला नड आहे तो म्हणतो, मला ८५ हजारच द्या. उरलेल्या १५ हजारांची वाटणी वीस जणांत होऊन प्रत्येकास साडेसातशे परत मिळतात, म्हणजे त्या महिन्याचा हप्ता प्रत्यक्षात सव्वाचार हजारांवर येतो. नीट पाहिले तर या एकाच वर्तुळात सावकार, ऋणको आणि बचत करणारा हे तिघेही बसलेले असतात आणि दर महिन्याला आपापली जागा बदलतात. आरंभी भिशी उचलणारा कर्जदार असतो, शेवटपर्यंत थांबणारा ठेवीदार असतो. गिरणीच्या दाराशी पठाणी व्याजाचा तगादा ज्यांनी सोसला, त्यांच्या वस्तीत ही संस्था इतकी रुजली यात नवल नाही. १९८२ सालच्या चिट फंड कायद्याने नोंदणीकृत चिट फंडांना नियम घालून दिले, पण चाळीतील भिशी त्या कायद्याच्या आधीही चालत होती आणि आजही ती बहुतांशी केवळ परस्परांच्या विश्वासावरच चालते. ती फसल्याच्या कहाण्याही प्रत्येक मजल्याला पाठ आहेत.

प्रवासाच्या दृष्टीने भिशीचा गुण आणि दोष एकच आहे. गाडी घेणाऱ्याला पहिली चिठ्ठी हवी असते. प्रवासाला निघणाऱ्याला शेवटची. एकच मनुष्य दोन्ही बेत करीत असेल तर त्याने दोन भिश्या लावाव्यात, एक लौकर उचलावी आणि दुसरी शेवटपर्यंत धरून ठेवावी. मात्र ही दुसरी भिशी धरून ठेवणे फार अवघड जाते, कारण ती हाती येते त्याच सुमारास धाकट्या बहिणीचे लग्न ठरते, गावच्या घराचे कौल उडते किंवा मुलाच्या महाविद्यालयाची फी येऊन उभी राहते. चाळीत कोणाकडे पैसा आहे हे लपून राहत नाही, आणि जो लपत नाही तो टिकतही नाही.

आणि तरीही याच वस्तीत एक पैसा असा होता की ज्याला कोणी हात लावीत नसे. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेले लोक लालबाग-परळच्या चाळींत गावागावाच्या खोल्या करून राहत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या मंडळींचे एक मंडळ असे आणि त्या मंडळाचा गावकीचा फंड असे. दरमहा ठरलेली वर्गणी त्यात जमा होई. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, कोणी मुंबईत दगावल्यास त्याचे अंत्यसंस्कार, एखाद्याला तातडीने गावी पाठविण्याचे भाडे, अशा निमित्तांनीच तो फंड उघडावयाचा; एरवी तो नुसता असावयाचा. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपात घरातील भांडीसुद्धा विकली गेली, तेव्हा असे फंड कितपत टिकले असतील हा प्रश्नच आहे. पण असलेला पैसा नसल्यासारखा धरणे ही जी विद्या गावकीने शिकविली, तीच विद्या आपल्या प्रवाशाला सर्वांत अधिक उपयोगी पडणारी आहे.

कारण आता तिसऱ्या पैशाची पाळी आली. आपण मोटार घेऊन एखाद्या देशाच्या सीमेवर उभे राहिलो की तेथील जकातीच्या अधिकाऱ्यापुढे एकच शंका असते: हा गृहस्थ प्रवासाला आला आहे की गाडी विकायला? परदेशी मोटारीवर जबर जकात बसविणाऱ्या देशात गाडी आणून, ती गुपचूप विकून, विमानाने परत जाणे हा एकेकाळी किफायतीचा धंदा होता. त्या शंकेचे निरसन करणारा जो दस्तऐवज जगाने मान्य केला आहे, त्याचे फ्रेंच नाव 'कार्ने द पासाज आं दुआन' असे असून बोलण्यात त्याला नुसते 'कार्ने' म्हणतात. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९५४ साली न्यूयॉर्क येथे झाला, आणि आजची कार्ने-पद्धती त्याच्या आधारावर उभी आहे. हे एक चोपडे असते. त्याचे प्रत्येक पान तिहेरी असते: देशात शिरताना एक भाग फाडून जकातवाला ठेवून घेतो, बाहेर पडताना दुसरा भाग तो घेतो आणि तिसरा भाग, दोन्ही शिक्क्यांसह, चोपड्यातच राहतो. जितके देश, तितकी पाने. मुदत साधारणतः एक वर्षाची. गाडी त्या देशातून बाहेर पडल्याचा शिक्का नसेल, तर ती तेथेच विकली गेली असे गृहीत धरून त्या देशाचे सरकार जकातीची मागणी करते, आणि ही मागणी प्रवाशाकडे न येता ज्या संस्थेने कार्ने दिले तिच्याकडे जाते.

म्हणून ती संस्था प्रवाशाकडून आधीच जामीन घेते. पश्चिम भारतात हे काम १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था करीत आली आहे आणि तिचे कार्यालय चर्चगेटजवळ आहे. म्हणजे गिरगावकराला जगाच्या प्रवासाचा जामीन शोधण्यासाठी मरीन ड्राइव्हच्या कडेने सरळ चालत जाणे पुरेसे आहे. जामिनाची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि ज्या देशांतून जावयाचे त्यांच्या जकातीवर ठरते. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकते. समजा गाडी सहा लाखांची आहे आणि जामीन तिच्या दुप्पट मागितला गेला, तर बारा लाखांची बँक हमी उभी करावी लागते. आणि बँक ही हमी बहुधा मुदत ठेवीच्या तारणावर देते. म्हणजे बारा लाख रुपये आपल्याच नावावर, आपल्याच बँकेत, व्याज मिळवीत पडून राहतात आणि तरीही त्यांतला एक रुपया काढता येत नाही. सात टक्के दर धरला तर वर्षाला चौऱ्याऐंशी हजार व्याज येते, त्यातून बँकेचे हमीशुल्क वजा जाते, आणि एकंदर व्यवहारात नुकसान फारसे होत नाही. नुकसान नाही, ही गोष्ट हिशेबनिसाला कळते. मनाला कळत नाही. ज्याने पंधरा वर्षे पोटाला चिमटा काढून हे पैसे जमविले, त्याला ते डोळ्यांसमोर असूनही परके झालेले पाहवत नाहीत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बरेचसे बेत येथेच मोडतात.

जुन्या गाडीचा दुसरा फायदा आता ध्यानात येईल. जामीन किमतीवर ठरत असल्यामुळे, गाडी जितकी स्वस्त तितका अडकणारा पैसा कमी. १९६८ ची ती शर्यत अखेर जिंकली अँड्र्यू कोवान आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी, आणि तीही हिलमन हंटर या अगदी साध्या, कुटुंबवत्सल मोटारीतून. अधिक वेगवान आणि अधिक महाग गाड्या मागे पडल्या. शर्यतीत जे यंत्राच्या बाबतीत खरे ठरले, ते सामान्य प्रवाशाच्या बाबतीत हिशेबाच्या वहीत खरे ठरते. शिवाय २०२० सालापासून आपल्याकडे आलेल्या बी. एस. ६ जातीच्या डिझेल गाड्यांना गंधकाचा अंश अत्यल्प असलेले इंधन लागते आणि वाटेतील प्रत्येक देशात तसे मिळेलच असे नाही. जुन्या इंजिनाचे पोट याबाबतीत अधिक सोशिक असते.

परकीय चलनाची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ज्या पिढीने पद्मिनीसाठी नाव नोंदविले, तिच्यातील परदेशी जाणाऱ्यांच्या आठवणीत सरकारी नियमाने खिशात नेता येणारे अवघे आठ डॉलर अजून ताजे आहेत. आठ डॉलरांत इराणची सीमा गाठून देणारी मोटार अद्याप कोणी निर्माण केलेली नाही. परकीय चलनाचा १९७३ चा कडक 'फेरा' कायदा जाऊन १९९९ चा 'फेमा' आला, २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला पंचवीस हजार डॉलरपर्यंत परदेशी पाठविण्याची मुभा दिली आणि ती मर्यादा आता अडीच लाख डॉलर आहे. अर्थात् त्या बॅलार्ड पियरवरच्या कारकुनाचा प्रश्न निम्मा याच कुलुपाशी अडलेला होता. चमत्कार असा की, चलनाचे कुलूप उघडले तेव्हा रस्त्याला कुलूप लागले होते. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या, आणि काबूलवरून जाणारा तो जुना मार्ग सामान्य प्रवाशापुरता संपला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानच्या सीमेवरचे अटारीचे ठाणेही बंद करण्याचा निर्णय झाला. पूर्वेकडे मणिपूरमधील मोरेची सीमा २०१८ साली सर्वसामान्य प्रवाशांना खुली झाली होती, पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारचा मार्ग भरवशाचा राहिला नाही. उरला तो नेपाळमार्गे तिबेट, तेथून चीन आणि मध्य आशिया. या मार्गावर चीनमध्ये स्थानिक मार्गदर्शक आणि पूर्वपरवानगी लागते व तिचा खर्च भारी पडतो. नाहीतर गाडी जहाजावर चढवून आखाताच्या एखाद्या बंदरात उतरवून घ्यावयाची.

या रस्त्यावर मराठी नावे आढळतात, पण ती बहुधा उलट दिशेने येताना. २०१६ साली ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या भारुलता कांबळे एकट्याच मोटार हाकीत अनेक देश ओलांडून मोरेमार्गे भारतात आल्या. २०२४ साली लंडनचा एक मराठी गृहस्थ १६ देश पार करून ५९ दिवसांत ठाण्यास आपल्या आईला भेटावयास आला. त्यांचे धैर्य कमी लेखण्याचा हेतू नाही, परंतु पौंडात साठविलेला पैसा आणि रुपयात साठविलेला पैसा यांच्या दमात फरक असतो, हे मान्य करावे लागेल. लालबागच्या माणसाचा पहिला दीर्घ प्रवास गणपतीत मुंबई–गोवा महामार्गाने गावी जाण्याचा असतो, आणि तो ज्याने पावसात, आरत्यांच्या वेळा सांभाळीत केला आहे, त्याला मध्य आशियातील पामीरच्या घाटाची भीती घालण्यात अर्थ नाही.

तरीही नवशिक्याने एकदम पामीर गाठू नये. नेपाळ आणि भूतान येथे भारतीय गाडीला कार्ने लागत नाही; सीमेवर परवाना काढून दिवसांचे शुल्क भरले की पुरते. आपल्या मोटार विम्याचे क्षेत्रही जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारच्या देशांपुरते वाढविता येते. त्यापलीकडे तेथील विमा तेथेच घ्यावा लागतो. ताडदेवच्या आर. टी. ओ.तून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना एक वर्ष चालतो, आणि गाडीच्या मागे लंबगोलात 'आय. एन. डी.' ही तीन इंग्रजी अक्षरे लावावयाची असतात.

पाझरणाऱ्या पैशाबद्दल थोडे सांगतो, कारण त्याचे शास्त्र सोपे आहे आणि आचरण कठीण. सोळा हजार किलोमीटरचा प्रवास, लिटरला बारा किलोमीटरची सरासरी आणि वाटेतील स्वस्त-महाग देश मिळून लिटरला ११० रुपये भाव धरला, तर इंधन सुमारे १,३३३ लिटर आणि खर्च दीड लाखाच्या आत येतो. ऐकणाऱ्याला हा आकडा आश्चर्यकारक रीतीने लहान वाटतो. खरी गळती असते ती रात्रीच्या मुक्कामाची, जेवणाची आणि बिघाडाची. तिच्यावर उपाय म्हणून आपल्या जुन्या पेढीवरची रोजकीर्द मला अजूनही सर्वांत उत्तम वाटते: झोपण्यापूर्वी त्या दिवसाचा खर्च त्याच दिवशी लिहावा, उद्यावर टाकू नये. जेवणाच्या खर्चाला लालबागच्या मसाला गल्लीत आणि चिवडा गल्लीत निघण्यापूर्वी घातलेली एक फेरी बराच लगाम घालते. चकलीची भाजणी, मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला यांच्या बळावर अर्धे मध्य आशिया पार करता येते. मात्र काही देशांच्या सीमेवर खाद्यपदार्थ उघडून दाखवावे लागतात, तेव्हा मेतकुटाच्या पुडीचे स्पष्टीकरण कोणत्या भाषेत करावयाचे हे आधी ठरवून ठेवावे.

एक खर्च मात्र गिरगावातच सुरू होतो. गल्लीत गाडी उभी करावयास जागा नाही. चाळीच्या अंगणात दुचाकी, पाण्याचे पिंप आणि मुलांचा क्रिकेट यांच्या मधून जी फट उरते तिच्यावर आधीच तीन जणांचा हक्क असतो, आणि नाट्यगृहाच्या मागे किंवा सशुल्क तळावर जागा घेतली तर तिचे वार्षिक भाडे जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. यावर काहींनी काढलेला तोडगा मला पटतो: गाडी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी घ्यावी, तोवर पैसा मुदत ठेवीत वाढू द्यावा, आणि दुरुस्तीचे काम आटोपेपर्यंत ती गावाकडच्या अंगणात ठेवावी.

प्रवास आटोपून गाडी पुन्हा चाळीपुढे उभी राहते, मुले बॉनेटवर हात फिरवितात, काकू ओवाळतात, आणि तरी हिशेब मिटलेला नसतो. कार्नेचे चोपडे चर्चगेटच्या कार्यालयात परत करावे लागते. तेथील कारकून एकेक पान उलगडून प्रवेशाचा शिक्का आणि निर्गमाचा शिक्का जुळवून पाहतो, गाडी हिंदुस्थानात परत आल्याची नोंद शोधतो. एखाद्या वाळवंटी ठाण्यावर मध्यरात्री झोपेत असलेल्या अधिकाऱ्याने मारावयाचा राहिलेला एकच शिक्का गैरहजर असला तर पत्रव्यवहारात महिने जातात. सारी पाने पुरी भरली म्हणजे हमी सोडल्याचे पत्र बँकेला जाते. ठेवीवरचा बोजा उतरतो. इतके दिवस स्वस्थ पडून राहिलेला पैसा त्या दिवशी पुन्हा आपला होतो, आणि बहुधा त्याच आठवड्यात चाळीत कोणीतरी नवी भिशी सुरू करण्याचे बोलणे काढते.